शेजाऱ्याचं कुठलं मत मोजायचं?

*ताई, नमस्कार. आम्ही बारा वर्षं अमेरिकेत आहोत, सध्या ओहायोमध्ये. धाकटा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. पहिलीच्या अखेरीस त्याला डिस्लेक्सिया (अक्षरं वाचण्यातली अडचण) असल्याचं निदान झालं. लिहितानाही हात अडतो. शाळेत त्याचा आयईपी, म्हणजे त्याच्यासाठी खास लिहून ठरवलेला शिक्षणाचा आराखडा, आहे. नवऱ्याचं काम आता कायमचं घरून झालंय, त्यामुळे कुठेही जाऊन राहता येईल. नणंद डॅलसजवळ असते. इकडेच या म्हणते, घरं मोठी, मराठी माणसं भरपूर. मला मात्र टेक्सस नको वाटतं. तिथल्या रिपब्लिकन राजकारणाशी आमचे विचार मुळीच जुळत नाहीत. मी मॅसॅच्युसेट्स किंवा न्यू जर्सीत आपल्या विचारांचं गाव शोधतेय. ज्यांना आपणच नको आहोत त्यांच्यात असं पोर घेऊन कशाला जायचं? नवरा म्हणतो, तू बातम्या बघून गाव निवडतेस, शाळेचं रेटिंग दहापैकी दहा असलं की झालं. आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणजे मत देण्याचाही प्रश्न नाही. रोज वाद होतात. त्यात इथल्या एका शिक्षिकेने घरी मराठी बोलणं बंद करा असं सांगितलंय. काय करू? — एक आई*

तुमचं पत्र वाचताना ग्रीन कार्डाच्या वाक्यापाशी मी थांबले. "मत देण्याचाही प्रश्न नाही" हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण माझ्या मते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. तुम्हाला मत देता येत नाही, म्हणजे निदान पुढची काही वर्षं तुमच्या मुलाच्या शाळेचं भलंबुरं दुसऱ्यांच्या मतांवर ठरणार. त्यामुळे शेजारी कुणाला मत देतात याची काळजी तुम्ही करता, ती अजिबात उगाच नाही. फक्त शेजाऱ्याचं कुठल्या निवडणुकीतलं मत मोजायचं, ते नीट ठरवायला हवं.

तुमच्या मुलाला शाळेत जे मिळतं ते मुळात केंद्राच्या कायद्यामुळे. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा हा कायदा १९७५ साली झाला, आज त्याला आयडीईए म्हणतात, आणि तो टेक्ससमध्ये आणि मॅसॅच्युसेट्समध्ये अक्षर न् अक्षर एकच आहे. नुसतं नावाला काहीतरी देऊन भागणार नाही, मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती व्हायला हवी, हे सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये एकमताने सांगितलं, तेही सगळ्या राज्यांना लागू. तुमचं कार्ड हिरवं आहे की व्हिसा आहे, याचा मुलाच्या शाळेच्या हक्काशी संबंध नाही. कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत जागा द्यावीच लागते, हा निकाल १९८२चा.

पण कायदा एक असला तरी पैसा एका ठिकाणाहून येत नाही. १९७५ मध्ये केंद्राने कबूल केलं होतं की दर मुलामागच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंतचा भार आम्ही उचलू. आज प्रत्यक्षात १५ टक्क्यांहूनही कमी येतात. उरलेलं राज्य आणि गाव यांनी बघायचं, आणि गावाचा पैसा म्हणजे बहुतेक ठिकाणी प्रॉपर्टी टॅक्स. तुमच्या मुलाला वाचायला शिकवणारी बाई पूर्णवेळ असेल की अर्धवेळ, तिच्या टेबलाशी तीन मुलं बसतील की आठ, हे तिथे ठरतं. आणि तिथलं मतदान बातम्यांमध्ये दिसत नाही.

मी हे जवळून पाहिलंय. मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावात आम्ही सतरा वर्षं काढली. तिथे १९८० सालचा नियम आहे: गावाची टॅक्सची एकूण वसुली वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवायची तर लोकांचं मत घ्यावं लागतं. त्याला ओव्हरराइड म्हणतात. आम्ही तिथे असताना माझा मुलगा दुसरीत होता, त्याचंही वाचन अडायचं, आणि त्याला घेऊन बसणाऱ्या बाई एका अरुंद खोलीत, झेरॉक्स मशीनच्या शेजारी, टेबलावर अक्षरांच्या फरशा मांडून शिकवायच्या. स्वरांच्या फरशा लाल, व्यंजनांच्या पांढऱ्या. त्याने एक फरशी सरकवायची, बोटाने टेबलावर टकटक करत आवाज म्हणायचा, पुढची सरकवायची. एका शब्दाला कधी कधी पूर्ण मिनिट जायचं. बाई घड्याळाकडे बघायच्या नाहीत. सात महिन्यांनी त्याने मला सिरियलच्या खोक्यावरची ओळ वाचून दाखवली आणि वाचता वाचता खोकं हातातून सोडलं.

त्याच वसंतात ओव्हरराइडचं मतदान आलं. मी भारतीय पासपोर्टवाली, मत देता येत नव्हतं, म्हणून शाळेच्या जिमबाहेर नियमाच्या अंतरावर पाटी घेऊन उभी राहिले. ज्यांच्या अंगणात माझ्या आवडत्या उमेदवाराच्या पाट्या होत्या, अशा कितीतरी जणांनी मान हलवून सांगितलं: मुलं कॉलेजात गेली, निवृत्ती आलीय, टॅक्स झेपत नाही. खोटं बोलत नव्हते ते, खरंच झेपत नव्हता. माझ्या शेजारी तीन तास जी बाई थंडीत उभी होती, तिच्याशी मी राजकारणावर कधीच बोलू शकले नसते. तिच्या नातवाला बोलण्याची थेरपी शाळेत मिळत होती. ओव्हरराइड पडला. सप्टेंबरमध्ये त्या वाचनाच्या बाई दोन शाळांमध्ये अर्ध्या अर्ध्या झाल्या आणि माझ्या मुलाचे आठवड्याचे पाच तास तीनावर आले. हे कायद्यात बसत नाही म्हणून मी भांडले, चार महिन्यांनी ते तास परत मिळाले. पण ते चार महिने गेले ते गेलेच.

यावरून सगळे सारखेच असा अर्थ काढू नका. मी इतकंच म्हणतेय की गावाने अध्यक्षपदाला कुणाला निवडलं, यावरून ते गाव अशा मतदानाला काय करेल हे कळत नाही. ते वेगळं शोधावं लागतं, आणि शोधता येतं. मॅसॅच्युसेट्समध्ये गावाचे जुने ओव्हरराइड पास झाले की पडले याची नोंद सरकारी संकेतस्थळावर आहे. न्यूयॉर्क राज्यात बहुतेक ठिकाणी शाळेचं बजेट दर मे महिन्यात लोकांच्या मताला जातं. टेक्ससमध्ये स्कूल बोर्डाच्या (शाळांचा कारभार बघणाऱ्या, लोकांनी निवडलेल्या मंडळाच्या) निवडणुका बऱ्याच ठिकाणी मे महिन्यात होतात आणि मोजकी माणसं मतदानाला जातात. गेल्या दहा वर्षांत त्या त्या ठिकाणी काय झालं, ते आधी बघा.

आता टेक्सस. तुमची भीती निराधार नाही, पण ती चुकीच्या जागी आहे असं मला वाटतं. त्या राज्याच्या शिक्षण यंत्रणेने २००४ मध्ये डिस्ट्रिक्टवर, म्हणजे एकेका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांवर, देखरेखीचं एक माप लावलं: स्पेशल एज्युकेशनमध्ये साडेआठ टक्क्यांहून जास्त मुलं असतील तर तुमची कामगिरी कमी धरू. गाजावाजा न करता, एका आकड्याने. शाळांनी काय केलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. इव्हॅल्युएशन, म्हणजे मुलाची तपासणी, मागणाऱ्या आईला "थोडं थांबू या" असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०१६ मध्ये ह्यूस्टनच्या वर्तमानपत्राने ते उघड केलं आणि जानेवारी २०१८ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने राज्याने कायदा मोडल्याचं स्पष्ट म्हटलं. पण हेच टेक्सस राज्य १९८५ पासून डिस्लेक्सियाचा कायदा बाळगून आहे, देशात बहुतेकांच्या आधी. २०२३ मध्ये तिथे नवा कायदा झाला आणि डिस्लेक्सियाच्या मुलांना स्पष्टपणे आयडीईएच्या छत्राखाली आणलं गेलं. दुसऱ्या बाजूला, कॅलिफोर्नियासारख्या उदारमतवादी राज्याने लहान वर्गांमध्ये वाचनातल्या अडचणींची सरसकट तपासणी करायचा कायदा केला तोच २०२३ मध्ये, आणि ती सुरू व्हायला २०२५-२६ उजाडलं. मॅसॅच्युसेट्सचा तसा नियम लागू झाला तोही जुलै २०२३ पासून. मिसिसिपी तर तुमच्या यादीत स्वप्नातही आलं नसेल. तिथे २०१३ मध्ये वाचनाचा कायदा झाला, शिक्षकांना ध्वनींवर आधारित पद्धत शिकवली गेली, आणि २०१९ मध्ये तिथली चौथीची मुलं वाचनात देशाच्या सरासरीला येऊन टेकली. मी लहानपणापासून ज्या विचारांमध्ये वाढले त्या विचारांची राज्यं या एका बाबतीत उशिरा जागी झाली, हे मला कबूल करावं लागतं, आणि ते करताना मला वाईट वाटतं.

मिसिसिपीच्या कायद्यात एक काटाही आहे: तिसरीच्या वाचनाच्या परीक्षेत पास न झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवतात. असे नियम आणखीही काही राज्यांत आहेत. ओहायोत राहता म्हणजे 'थर्ड ग्रेड रीडिंग गॅरंटी' तुमच्या कानावर असेलच, जरी २०२३ च्या बदलानंतर तिथे पालकांच्या संमतीने मूल पुढच्या वर्गात जाऊ शकतं. आयईपीवाल्या मुलांना सवलती असतात, पण त्या आपोआप मिळतात असं धरून चालू नका. मुलगा तिसरीत असताना हलणार असाल तर नव्या राज्याचा हा नियम सामान बांधायच्या आधी विचारून घ्या.

मग राजकारण कुठे खरंच आड येतं? माझ्या पाहण्यात तीन ठिकाणी.

पहिलं म्हणजे स्कूल बोर्ड भांडणात बुडालेलं असणं. भांडण कशावरूनही असो, लायब्ररीतली पुस्तकं असोत की शाळेचं नाव, आणि कुठल्याही बाजूचं बहुमत असो. बोर्ड एकदा त्यात अडकलं की सुपरिंटेंडेंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी, कंटाळून जातो, त्याच्या मागोमाग स्पेशल एज्युकेशनची डायरेक्टर जाते, आणि मुलाची फाइल ज्या माणसाच्या डोक्यात होती तो माणूसच नाहीसा होतो. गेली आठ-नऊ वर्षं मी ओळखीच्या मराठी कुटुंबांबरोबर आयईपीच्या मीटिंगांना जाऊन बसते. एका मुलीच्या मीटिंगमध्ये तीन वर्षांत तिसरी डायरेक्टर आली, आणि तिने आम्हालाच विचारलं, "हिला आत्तापर्यंत काय काय दिलंय?" तुमच्या यादीतल्या प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये डायरेक्टर किती वर्षं टिकली आहे, हे बिनधास्त विचारा. मला विचाराल तर शाळेच्या रेटिंगपेक्षा हा आकडा जास्त बोलतो.

दुसरं म्हणजे राज्याचे नियम. तुम्हाला दाद मागायची वेळ आली तर शाळेचं चुकलं हे कुणी सिद्ध करायचं? २००५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे तक्रार करणाऱ्याने. न्यू जर्सीने २००८ पासून ते ओझं डिस्ट्रिक्टवर टाकलंय, न्यूयॉर्कनेही तसंच केलंय. वकिलाचे पैसे नसलेल्या आईला हा फार मोठा फरक आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये प्रत्येक डिस्ट्रिक्टला विशेष शिक्षणाच्या पालकांची सल्लागार परिषद ठेवावीच लागते, तिला सेपॅक म्हणतात. गाव बघायला जाल तेव्हा त्यांच्या एका सभेला बसून या. मुलाला तिथे काय मिळतं हे तासाभरात कळेल.

तिसरं म्हणजे व्हाउचर. अ‍ॅरिझोना, फ्लोरिडा आणि २०२५ च्या कायद्यानंतर टेक्सस, या राज्यांत सरकारी पैसा घेऊन मुलाला खाजगी शाळेत घालता येतं. आकडा मोठा दिसतो आणि नणंद कदाचित तेही सुचवेल. पण तो पैसा घेऊन बाहेर पडलात की आयडीईएने मुलाला दिलेला स्वतःचा हक्क मागे राहतो. खाजगी शाळेने त्याला घेतलंच पाहिजे असं नाही, आणि ठेवलंच पाहिजे असंही नाही. काही मुलांना यातून खरंच उत्तम शाळा मिळाली आहे. पण ती शाळा आधी सापडायला हवी, नंतर व्हाउचर. उलटं करू नका.

केंद्रातल्या घडामोडींनी तुमची झोप उडाली असेल तर तेही समजतं. मार्च २०२५ मध्ये शिक्षण खात्यातली जवळपास निम्मी माणसं कमी करायचं ठरलं, तक्रारी बघणाऱ्या नागरी हक्क कार्यालयाच्या १२ पैकी ७ प्रादेशिक कचेऱ्या बंद झाल्या. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये टेक्सससह १७ राज्यांनी कलम ५०४च्या (अपंगत्वावरून भेदभावाला मनाई करणाऱ्या केंद्रीय कलमाच्या) नव्या नियमांविरुद्ध दावा लावला होता. त्यात मूळ कलमालाच हात घातला होता आणि राज्याराज्यांतले पालक खडबडून उठले. कायदा आजही उभा आहे. पण वरून दाद मिळायला उशीर होणार असेल, तर खालच्या पायरीवरची माणसं आणखी महत्त्वाची होतात. म्हणून मी तुम्हाला पुन्हा पुन्हा राज्यावरून डिस्ट्रिक्टकडे ओढतेय.

आणि हो, "गाव" म्हणताना जरा जपून. मॅसॅच्युसेट्स आणि न्यू जर्सीत गाव आणि शाळेचा डिस्ट्रिक्ट बहुतेक एकच असतो, न्यू जर्सीत तर ५०० हून जास्त डिस्ट्रिक्ट आहेत. फ्लोरिडात आणि मेरीलंडमध्ये अख्खी काउंटी हा एक डिस्ट्रिक्ट असतो. तिथे तुम्ही आवडीचं गाव निवडलंत तरी बोर्ड आख्ख्या काउंटीचंच. टेक्ससमध्ये शहराची हद्द आणि शाळेची हद्द जुळेलच असं नाही, एका रस्त्याच्या दोन बाजू दोन डिस्ट्रिक्टमध्ये असू शकतात. नणंदेच्या घराचा पत्ता कुठल्या डिस्ट्रिक्टमध्ये येतो, ते तिला विचारा आणि मग स्वतः नकाशावर बघा. लहान डिस्ट्रिक्टमध्ये माणसं ओळखीची होतात, पण तुमच्या मुलासारखी मुलं तिथे दोन-चारच असतील आणि त्यांच्यासाठी प्रशिक्षित शिक्षक ठेवणं परवडत नाही. मोठ्यात शिक्षक असतो, पण फोन कुणी उचलत नाही. माझा कल मध्यम आकाराकडे आहे.

नवऱ्याच्या दहापैकी दहाबद्दल. ते रेटिंग मुख्यतः परीक्षेच्या गुणांवरून येतं, आणि गुण कुठून येतात हे आपण मराठी आईबापांनी तरी एकमेकांना सांगायला नको. संध्याकाळी गणिताचा क्लास, शनिवारी इंग्रजीचा. अशा गावात शाळेची सरासरी फुगलेली असते आणि अडखळणारं मूल त्या सरासरीखाली दबून जातं. २०१५ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे प्रत्येक राज्याला विशेष गरजा असलेल्या मुलांचे निकाल वेगळे छापावे लागतात. नवऱ्याला ते पान काढायला सांगा. दहापैकी दहा असलेल्या शाळेत त्या मुलांपैकी किती जण वाचनात पास आहेत, ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी वाचू दे. त्यातली किती मुलं दिवसाचा बराचसा वेळ सगळ्यांबरोबर वर्गात असतात, हाही आकडा मिळतो.

मग फोन उचला. स्पेशल एज्युकेशनच्या ऑफिसला फोन करून सांगा, आम्ही इथे घर बघतोय, मुलाला डिस्लेक्सिया आहे. वाचन कुठल्या पद्धतीने शिकवता? विल्सन किंवा ऑर्टन-गिलिंगहॅम या डिस्लेक्सियासाठीच्या पद्धतींचं प्रशिक्षण घेतलेले किती जण आहेत, आणि ते माझ्या मुलाच्या शाळेच्या इमारतीत असतात की आठवड्यातून एकदा येतात? गटात किती मुलं? हे विचारल्यावर समोरचा माणूस सहज आकडे सांगतो की "प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे आम्ही बघतो" असं गुळगुळीत काहीतरी म्हणतो, त्यावरून मला निम्मं कळतं.

बोर्डाच्या सभांच्या चित्रफिती बहुतेक ठिकाणी बघायला मिळतात. बजेटच्या महिन्यांमधल्या तीन निवडा. पुस्तकांवरच्या भाषणांपाशी अडकू नका, पुढे जा. स्पेशल एज्युकेशनचा खर्च आला की खोलीत काय होतं ते ऐका. कुणीतरी माइकपाशी येऊन "या थोड्या मुलांमुळे बाकीच्यांच्या वाट्याचं जातंय" असं म्हणतंच. एकाने म्हटलं म्हणून गाव वाईट ठरत नाही. त्यानंतर टेबलामागचा एखादा तरी सदस्य शांतपणे, हा खर्च कायद्याने द्यावाच लागतो आणि ती आपलीच मुलं आहेत, असं सांगतो का? की सगळे खाली बघून कागद चाळतात? मी अशा सभा पाहिल्या आहेत जिथे दोन्ही पक्षांच्या गावात सगळ्यांनी कागद चाळले. आणि जिथे उत्तर मिळालं, अशाही पाहिल्या आहेत, दोन्हीकडे.

आता तुमच्या मनातली खरी गोष्ट. "ज्यांना आपणच नको आहोत." हे मी हलक्यावर घेत नाही. मत न जुळणारा शेजारी वेगळा, आणि रस्त्यावर आपल्याला बघून काहीबाही बोलणारा वेगळा. दुसऱ्या प्रकारचं एखाद्या जागी खरोखर जाणवलं, तर शाळा सोन्याची असली तरी जाऊ नका. हे बातम्यांवरून नाही, तिथे चार दिवस राहून, दुकानात, बागेत, शाळा सुटताना दारापाशी उभं राहून कळतं. शिवाय तुम्हालाही कुणीतरी लागेल. शाळेशी भांडून आल्यावर जिच्या स्वयंपाकघरात बसून रडता येईल अशी एक तरी बाई गावात हवी. त्याशिवाय पुढच्या मीटिंगला जायचं बळ येत नाही. अशी मैत्रीण विचार जुळले की लवकर मिळते, हे मला मान्य आहे.

पण मला एक वेगळी जुळणीही तितकीच मोलाची वाटते. नणंदेच्या गावात मराठी माणसं भरपूर आहेत हे छान. त्यांच्यात मुलाचं वाचन अडतं हे उघड बोलता येतं का? आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात मी पाहिलंय, बारा वर्षांच्या मुलांना ओळीने उभं करून कोण कुठल्या स्पर्धेत पहिला आला ते सांगायचं, आणि एक आई हळूच स्वतःच्या मुलाला पाणी प्यायला म्हणून बाहेर घेऊन गेली. तिच्याशी माझी राजकारणातली सगळी मतं जुळतात. तिचा मुलगा आयईपीवर आहे हे मला तिने चार वर्षांनी सांगितलं, पार्किंगमध्ये, इकडेतिकडे बघून. नणंदेला सरळ विचारा: तिथे कुणाच्या मुलाला आयईपी आहे? ती "असं आपल्यात कुणाचं नाही" म्हणाली, तर ते उत्तर जपून ठेवा. असतात, प्रत्येक ठिकाणी असतात. देशातल्या सरकारी शाळांमधली साधारण १५ टक्के मुलं या कायद्याखाली येतात आणि त्यातली जवळपास एक तृतीयांश तुमच्या मुलासारखी, अध्ययन अक्षमता असलेली.

तुमच्या दोघांत कोण बरोबर, तेही सांगते. नवरा रेटिंगवर विसंबतो ते चुकतंय, तुम्ही अध्यक्षीय निवडणुकीच्या नकाशावर विसंबता तेही. माझं मत विचाराल तर तीन राज्यांतला एकेक, असे तीन डिस्ट्रिक्ट निवडा, प्रत्येक ठिकाणी वर सांगितलेलं सगळं करा, एकदा दोघं मिळून आणि एकदा मुलाला घेऊन जा. फक्त कायद्याकडे बघायचं तर न्यू जर्सीतला मध्यम आकाराचा डिस्ट्रिक्ट मी पहिला ठेवेन. पण डॅलसजवळच्या एखाद्या डिस्ट्रिक्टने प्रशिक्षित शिक्षिका, लहान गट आणि टिकलेली डायरेक्टर दाखवली, तर मी तिथे जाईन, आणि मतांचं नंतर बघेन. कुठेही गेलात तरी पहिलं वर्ष भाड्याने राहा. घर घेतलं की गाव आवडून घ्यावं लागतं.

निघायच्या आधी ओहायोतच काही गोष्टी उरकून घ्या. आयईपीचा वार्षिक आढावा ताजा करून घ्या आणि त्यात आठवड्याची मिनिटं, गटाचा आकार, पद्धतीचं नाव, सगळं लिहून घ्या. आयईपीत लिहिलेलं नाही ते नव्या शाळेने मान्य करायची गरज नसते. इव्हॅल्युएशनचे सगळे रिपोर्ट कागदावर स्वतःजवळ ठेवा, शाळा पाठवेल यावर राहू नका. नव्या राज्यात गेल्यावर तिथल्या शाळेला पहिल्या दिवसापासून साधारण तशाच सेवा द्याव्या लागतात, पण ते राज्य मुलाला पुन्हा तपासू शकतं आणि स्वतःच्या निकषांवर ठरवू शकतं. राज्याराज्यांचे निकष वेगळे आहेत, म्हणून ओहायोत पात्र ठरलेला मुलगा दुसरीकडे अपात्र ठरल्याचं घडू शकतं. हा प्रश्न आधीच, लेखी, विचारा. प्रत्येक राज्यात केंद्राच्या पैशावर चालणारं निदान एक पालक-माहिती केंद्र असतं, ते फुकट मदत करतं. आणि मत देता येत नसलं तरी बोर्डाच्या सभेत माइकपाशी उभं राहायला नागरिकत्व लागत नाही. साधारण तीनेक मिनिटं मिळतात. जुलैत राहायला गेलात तर ऑगस्टच्या सभेत जाऊन बसा, सप्टेंबरमध्ये बोला.

राहिलं मराठीचं. बंद करू नका. घरची भाषा सोडल्याने डिस्लेक्सिया कमी होत नाही, आणि दोन भाषांमुळे तो होतही नाही. आयडीईएतच लिहिलंय की इंग्रजी कमी येणं हे पात्रतेचं कारण धरता येत नाही आणि तपासणी मुलाच्या भाषेत व्हायला हवी. त्या शिक्षिकेवर रागावू नका, पण तिचं ऐकूही नका. तुमचा मुलगा दिवसभर इंग्रजी अक्षरांशी झुंजून घरी येतो. रात्री त्याला मराठीत गोष्ट सांगता तेव्हा त्याला काही वाचावं लागत नाही, तो नुसता ऐकतो आणि मध्येच "मग काय झालं?" विचारतो. शब्दांची श्रीमंती त्याला तिथून मिळते. ती गोष्टीची पंधरा मिनिटं कुठल्याही राज्यात चालू ठेवा, आणि आयईपीच्या मीटिंगमध्ये विचारलं तर अभिमानाने सांगा.